थर्झा गॅरडची लाल भिंत

सफक परगण्यातल्या आमच्या विकरिंग गावात विटेचं घर एकच. चॅपलही विटेचं होतं, पण तिथं देव राहायचा, माणूस नव्हे. बाकी आम्ही सगळे कुडाच्या घरांतले. लाकडाचा सांगाडा, मध्ये हेझल झुडपाच्या काठ्यांचं विणकाम, त्यावर पेंढा कालवलेली माती आणि वरून चुना. आजोबांच्या आजोबांपासून तसंच. बाहेरगावच्या कुणी रस्ता विचारला की सांगायचं, "विटेच्या घरावरून डावीकडं वळा." कुठलं विटेचं घर, असं परत विचारायची पाळी कुणावर आली नाही. वळणावर ते असं लालभडक उभं असायचं की घोडंसुद्धा तिथं आपसूक डावीकडं मान करायचं.

त्या घराची आणि मागच्या शेताची मालकीण थर्झा गॅरड. लग्न केलं नाही म्हणून शेवटपर्यंत सगळ्यांची मिस गॅरड. उंच, ताठ, बोलणं तुटक. गाय दोहायला बसली तरी पाठ सरळ. मी तिच्याबद्दल लिहायला बसलो की डॉर्कस, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "एमस, सरळ सांग, फाटे फोडू नकोस." पण थर्झाबद्दल सरळ सांगायचं तर आधी भिंतीबद्दल सांगावं लागतं, आणि भिंतीबद्दल सांगायचं तर थांबता येत नाही.

दर्शनी भिंत कशी होती ते ऐका. मधोमध दार, दाराच्या दोन्ही अंगांना दोन-दोन खिडक्या, वर पाच. सगळं आरशात बघून मांडल्यासारखं. दारावर एक दगड, त्यावर थर्झाच्या पूर्वजाचं, एबनेझर गॅरडचं आद्याक्षर आणि १७८१ हे साल. वरच्या पाच खिडक्यांतली मधली मात्र खिडकी नव्हतीच. तिथं विटा बुजवून काळा रंग दिलेला आणि त्यावर पांढऱ्या पट्ट्या ओढून तावदानं काढलेली. चार खिडक्या बऱ्या दिसत नाहीत, पाच हव्यात, म्हणून. डॉर्कसचा एक मावसभाऊ शहरात काचा पुसायचं काम करायचा. तो एकदा इकडं आला, शिडी लावली आणि एकेक करत या मधल्या खिडकीशी पोचला. बराच वेळ घासत होता. खाली थर्झा हाताची घडी घालून उभी. ती म्हणाली, "नीट पुसा. आतून अजून अंधुक दिसतंय." त्याला कळलं तेव्हा तो शिडीवरून उतरला तो थेट स्टेशनवर गेला.

थर्झाचा बाप जोसाया रविवारच्या शाळेत आम्हा पोरांना शिकवायचा. पाऊस नसला की आम्हाला भिंतीपुढं उभं करायचा आणि काठीनं दाखवायचा. "बघा. एक वीट लांबीनं, मग एक टोकानं, मग लांबीनं, मग टोकानं. जिथं टोक दिसतं तिथली वीट भिंतीत खोलवर गेलेली असते. आतल्या थराला बाहेरच्या थराशी बांधून ठेवते. म्हणून भिंत किती जाड आहे ते बाहेरून वाचता येतं. तुमच्या भिंतीत काय वाचता येतं?" मग तोच सांगायचा, "पेंढा."

आता गंमत अशी की घराच्या मागच्या बाजूला वीट दिसायची नाही, चुन्याचा गिलावा होता. त्याच्याखालीही वीटच आहे, असं गॅरड मंडळी सांगायची. चांगल्या विटेवर गिलावा कोण कशाला देईल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. आतल्या भिंतींवर नक्षीचे कागद, कागदावर कागद. खिळा ठोकायची बंदी. जोसाया म्हणायचा, "भिंतीला भोक पाडणारा आणि बायबलचं पान फाडणारा सारखेच."

आणि त्या घराचा एक रिवाज होता. दर वर्षी मे महिन्यात, चॅपलच्या वर्धापनदिनाच्या आधी, दर्शनी भिंतीला गेरू लागायचा. शिळ्या बिअरमध्ये गेरू कालवायचा, त्यात थोडी तुरटी आणि सरस, आणि अख्खी भिंत लाल करायची. विटा, सांधे, सगळं. ते वाळलं की बारीक कुंचला घेऊन सांधा न् सांधा पांढऱ्या रेघेनं परत ओढायचा. चॅपलची माणसं दारूला शिवायची नाहीत, पण गेरूसाठी बिअर चालायची. पबच्या मागच्या दारानं बादली घेऊन थर्झा जाताना दिसली की आम्ही समजायचो, मे आला. पोरगी होती तेव्हा बापाच्या हाताखाली खालचे थर रंगवायची, नंतर बाप शिडी धरायचा, त्याच्यानंतर शिडी कुणीच धरायचं नाही. त्या पांढऱ्या रेघा अशा सरळ यायच्या की वाटावं, पट्टीनं आखल्यात. तिचा हात हललेला मी कधी पाहिला नाही.

आमचं, बॉरेटांचं घर तिच्या घरापासून कुरण ओलांडलं की लागतं. माझा थोरला भाऊ रूबेन पहिल्या महायुद्धावरून परत आला त्या वर्षी त्यानं थर्झाला मागणी घातली. दोघांचं आधीपासून होतं, गावाला ठाऊक होतं. जोसायानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मुलगा चांगला आहेस, रूबेन. पण विटेत जन्मलेली पोर मातीत नांदायला जात नाही." रूबेन म्हणाला, थर्झा काय म्हणते ते तिला विचारू द्या. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी ती चॅपलच्या फाटकात त्याला भेटली आणि म्हणाली, "बाबा म्हणतात ते बरोबर आहे." झालं. रूबेननं परत कुणाला विचारलं नाही. तिनंही दुसऱ्या कुणाची वाट पाहिली नाही. कुरणाच्या दोन टोकांना दोघं म्हातारी झाली. रस्त्यात भेटली तर "आज वारा आहे" आणि "हो, आहे", एवढंच.

तर आता मूळ गोष्टीकडं येतो.

भिंतीला पोट आलं होतं. हे पहिल्यांदा पाहिलं ते जिल्हा मंडळाच्या मिस्टर पूलींनी. पडकी, धोक्याची घरं तपासायचं त्यांचं काम. ते कोपऱ्याशी डोळा लावून भिंतीच्या अंगानं बघत राहिले आणि म्हणाले, "मिस गॅरड, तुमच्या भिंतीला पोट सुटलंय."

"माझ्या वडिलांनाही सुटलं होतं," थर्झा म्हणाली. "ते ऐंशी वर्षं जगले."

"तुमचे वडील रस्त्यावर पडले असते तर कुणी दगावलं नसतं."

"तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही."

पूली हसले, पण सोडलं नाही त्यांनी. वरचा मजला आणि छप्पर या भिंतीवर बसलंय, ती गेली तर घर बसेल आणि घराखाली तुम्ही, असं त्यांनी समजावून सांगितलं. येत्या हिवाळ्यानंतर परत बघणार. फुगवटा वाढलेला असला तर घर बंद करून पाडून टाकावं लागेल. गावाच्या त्या टोकाला मंडळानं नवे बंगले बांधलेत, त्यातला एक तुम्हाला मिळेल, उबदार आहे, नळाला गरम पाणी आहे.

थर्झा दुसऱ्या दिवशी अंडी घेऊन डॉर्कसकडं आली. फाटकातच उभी राहिली. आमच्या उंबऱ्याच्या आत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. म्हणाली, "डॉर्कस, मी त्या बंगल्यात मरायची नाही. ज्या खोलीत जन्मले त्याच खोलीतून मला बाहेर काढायचं, एवढं लक्षात ठेव."

त्या वर्षी मे महिन्यात तिनं गेरू लावला तो नेहमीपेक्षा जाड. भेगा भरल्या, वरून लाल केलं आणि सांध्यांच्या रेघा ओढताना फुगवट्यावरूनही सरळ ओढल्या. खरा सांधा खाली वाकत गेलेला, तिची रेघ मात्र समपातळीत. लांबून बघणाऱ्याला भिंत सपाट वाटायची. मी जवळून पाहिलं तर रेघ विटेच्या मध्यावरून चाललेली. कोण बोलणार? घर तिचं, कुंचला तिचा.

मग तो त्रेसष्टचा हिवाळा आला. नाताळनंतर जी बर्फानं पकड धरली ती मार्चपर्यंत सोडली नाही. तळं गोठलं, पंप गोठला, बीटरूट जमिनीतच दगड झाले. भिंतीत जिथं जिथं पाणी शिरलं होतं तिथं तिथं त्याचा बर्फ झाला आणि गेरूच्या कातड्याखाली फुगत राहिला. मार्चमध्ये एका रविवारी वारा फिरला. छपरांवरून पाणी गळायला लागलं.

आम्ही चॅपलला निघालो होतो. मी, डॉर्कस, रूबेन, आमच्या मागून अर्धं गाव. वळणावर आलो आणि आवाज आला. मोठा धडाका नव्हे. पोतं उसवून बटाटे घरंगळावेत तसा. मी वर पाहिलं तर भिंत पुढं झुकत होती. म्हातारा माणूस खुर्चीतून उठताना आधी थोडा पुढं येतो ना, तशी. मग ती मधून मोडली आणि अख्खीच्या अख्खी, दार-खिडक्या-दगडासकट, बागेत आणि रस्त्यावर आडवी झाली. लाल धूळ उठली. गेरूची. माझ्या रविवारच्या शर्टाची बाही आजही गुलाबी आहे.

डॉर्कसनं माझा दंड धरला होता, तिथं नंतर काळंनिळं झालं. आम्ही वाट बघत होतो ती पुढच्या आवाजाची. आता वरचा मजला, मग छप्पर, मग थर्झा. पूलींनी सांगितलं होतं तसं.

पुढचा आवाज आला नाही.

धूळ खाली बसली आणि घर उभं होतं. तसंच. छप्पर जागेवर, धुराडी जागेवर, एक कौल हललेलं नव्हतं. फक्त लाल रंग नव्हता. त्याच्या जागी काळे जाडजूड ओकचे खांब, आडव्या तुळया, मध्ये मध्ये फिकट मातीचे चौकोन. आणि वर, जिथं तिच्या खोलीची खिडकी होती तिथल्या रिकाम्या भगदाडात, थर्झा उभी. एका हातात रविवारची टोपी, तोंडात टोपीच्या पिना.

ती आमच्याकडं बघत होती, आम्ही तिच्याकडं. मग रूबेन म्हणाला, आवाज न चढवता, "थर्झा, जिन्यानं खाली ये."

तिनं तोंडातल्या पिना काढल्या. "मग कशानं येणार?" ती म्हणाली.

मागच्या दारानं ती बाहेर आली, घराला वळसा घालून पुढं आली आणि वळली. तिनं आपलं घर पहिल्यांदा पाहिलं. मी तिचा चेहरा पाहत होतो. पडलेल्या विटांकडं तिचं लक्षच नव्हतं, ती खांबांकडं बघत होती. एका चौकोनातला गिलावा निखळला होता आणि आत हेझलच्या काठ्या दिसत होत्या, मातीतून पेंढा डोकावत होता. डॉर्कस माझ्या कानाशी बोलली, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं.

"अगं बाई, हे तर आपल्यासारखंच."

थर्झानं वाकून एक वीट उचलली. टोकाची वीट. जोसाया काठीनं दाखवायचा त्यातली. ती भिंतीत खोलवर जायला हवी होती. ती अर्धीच होती. कुणीतरी तोडून, टोक तेवढं पुढं करून बसवलेली. तिनं दुसरी उचलली. अर्धी. तिसरी. मी आणि रूबेनही खाली बसून उलटसुलट करायला लागलो. त्या अख्ख्या ढिगात टोकाची एक वीट पुरी निघाली नाही. जाड भिंतीचा आव आणलेला एकेरी विटेचा पापुद्रा, मागच्या जुन्या घराला इथं-तिथं चार लोखंडी खिळ्यांनी अडकवलेला, तोही खिळ्यांचा गंज होईपर्यंत. एबनेझर गॅरडनं घर बांधलंच नव्हतं. बापजाद्यांच्या कुडाच्या घराला त्यानं विटेचा अंगरखा चढवला, वर साल कोरलं आणि जगाला बटणं दाखवली.

धक्का एवढ्यावर थांबता तर बरं होतं. पण वरच्या चौकोनांवर जुना गिलावा शाबूत होता आणि त्यावर नक्षी होती. उठावाची. द्राक्षाची वेल, पानं, फणीनं ओढलेले पंखे, आणि दोन पक्षी चोचीला चोच लावून. आमच्या सफकमध्ये अशी नक्षी असते, पण विकरिंगमध्ये इतकी देखणी कुणाच्याच घरावर नाही. ओल्या चुन्यात बोटानं डोळा काढलाय त्या पक्ष्याचा, बोटाचा ठसा दिसतो. आणि ही विटांमागं कोंडून ठेवली, का, तर वीट श्रीमंत दिसते. रंगवलेल्या खोट्या खिडकीच्या मागं तर खरीखुरी खिडकी निघाली, ओकच्या गजांची. आतून कागद चिकटवून बुजवलेली. माझ्या भावाकडं मी पाहिलं. तो टोपी काढून उभा होता, कुणाच्या मयताला उभं राहावं तसा.

त्या रविवारी चॅपलमध्ये कोण काय बोललं मला आठवत नाही. बहुधा कुणी ऐकत नव्हतं.

सोमवारी पूली आले. गाडीतून उतरले आणि फाटकाचा खांब धरून उभेच राहिले. मग खिशातला चाकू काढून त्यांनी खांबाला टोचला. पातं आत जाईना. दुसरीकडं, तिसरीकडं टोचलं. तुळयांचे सांधे बघितले, लाकडी खुंट्या बघितल्या, आत जाऊन वरच्या मजल्यावर उड्या मारल्या. बाहेर आले ते डोकं खाजवत.

"मिस गॅरड, माझं चुकलं," ते म्हणाले. "हे घर त्या भिंतीवर कधी टेकलंच नव्हतं. भिंतच घराला टेकून उभी होती."

"म्हणजे?" मी विचारलं, कारण थर्झा विचारत नव्हती.

"म्हणजे पाडायचं काही राहिलं नाही. जे धोक्याचं होतं ते आपणहून गेलं. चौकोन मातीनं भरा, वर गिलावा द्या. माझ्या नातवंडांना पुरून उरेल हे घर. वर मात्र खिडक्या बसेपर्यंत झोपू नका."

मी टाळी वाजवायच्या बेतात होतो. वर्षभर ती ज्या भीतीनं झोपली नव्हती ती भीती गेली होती. घर तिचं होतं, ती खोली तिची होती. थर्झा पूलींकडं बघून म्हणाली,

"बंगल्याची किल्ली कधी मिळेल?"

पूलींना वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. "पण आता गरज नाही..."

"माझं घर काल पडलं. तुम्हीच म्हणालात ना, घर पडलं तर बंगला. हे मागं उभं आहे ते कुणाचं आहे मला माहीत नाही. मी विटेच्या घरात जन्मले."

शुक्रवारपर्यंत किल्ली राखून ठेवतो, तोवर विचार करा, असं सांगून पूली गेले. भिंत पडताना जेवढा हादरलो नव्हतो तेवढा या वाक्यानं हादरलो. बाई घरासाठी मरायला तयार होती, आणि घर वाचलं तर सोडून निघाली.

दुपारी मी आणि रूबेन रस्त्यावरच्या विटा बाजूला काढत होतो. थर्झा ढिगावर बसली होती. रूबेन तिच्याजवळ जाऊन थांबला.

"हसायला आलास?" ती म्हणाली.

"हसायचं असतं तर काल हसलो असतो. काल सोबत होती."

"तुझ्या आईनं बघायला हवं होतं हे."

"आई 'बिचारी पोर' म्हणाली असती. आणि घरी जाऊन पोट धरून हसली असती."

थर्झाच्या ओठाचा कोपरा हलला न हलला. मग म्हणाली, "माझा बाप खोटं बोलला, असं म्हण ना. म्हण एकदा, मोकळा हो."

"जोसायाला ठाऊक नव्हतं, थर्झा. ठाऊक असतं तर इतक्या मोठ्यानं बोलला नसता."

ती हातातली अर्धी वीट फिरवत होती. तळवे लाल झाले होते. "काय दैव आहे बघ," ती म्हणाली. "सगळ्या गावात पुऱ्या विटेच्या भिंती तुझ्या डुकरांना. तेवढीच काय ती विटेची घराणी."

हे खरं होतं. आमचा डुकरांचा गोठा विटेचा आहे. गावात त्यावर चेष्टा चालायची, बॉरेट स्वतः मातीत राहतात आणि डुकरं राजवाड्यात. रूबेननं तो बांधला तेव्हा मी शाळेत होतो. विटा स्वस्तात मिळाल्या, एवढंच त्यानं घरी सांगितलं होतं.

"त्या विटा डुकरांसाठी नव्हत्या," रूबेन म्हणाला.

माझे हात थांबले.

"तुझा बाप मातीत मुलगी देत नाही म्हणाला. म्हटलं, मग विटेचं करू. घराच्या पुढच्या बाजूला पुरतील एवढ्या आणल्या. एकेरी थरापुरत्या. तेवढ्याच परवडल्या. गाडी आली त्याच आठवड्यात तू फाटकात नाही म्हणालीस."

"तू मला सांगितलं नाहीस."

"काय सांगणार? घर विटेचं करतोय म्हणून? ते विटेचं थोडंच होणार होतं. नुसतं दिसलं असतं."

इतकी वर्षं मी त्या गोठ्यात रोज खरकटं टाकलं आणि मला हे माहीत नव्हतं. एका चुलीवर जेवलो आम्ही. मी विटांची ढकलगाडी तिथंच सोडून खाली बसलो. थर्झानं मान खाली घातली होती. रडत असावी असं मला वाटलं, पण वर पाहिलं तेव्हा डोळे कोरडे होते आणि चेहरा पांढराफटक.

"आम्हाला कुठं कळलं असतं," ती म्हणाली. "दिसलं असतं तेवढं पुरलं असतं आम्हाला."

रूबेननं टोपी डोक्यावर घातली, परत काढली.

तेवढ्यात डॉर्कस कुरण ओलांडून आली. वारा पुन्हा बोचरा झाला होता. ती थर्झाला म्हणाली, "मिस गॅरड, काल रात्री तुम्ही स्वयंपाकघरात खुर्चीवर झोपलात, मला कळलंय. आज तसं चालायचं नाही. बेकन आणि कणकेचे गोळे शिजलेत. चला, नाहीतर मी इथंच बसते आणि मला थंडी बाधली तर एमसचा स्वयंपाक तुम्ही करा."

थर्झा उठली. का उठली ते मला माहीत नाही. कदाचित माझा स्वयंपाक करायच्या भीतीनं. आमच्या दाराशी आली तेव्हा जराशी थांबली. आमचं दार बुटकं आहे, सगळ्यांनाच वाकावं लागतं. ती वाकली.

आत आल्यावर ती बसेना. भिंतीशी उभी राहून तिनं तळवा भिंतीवर ठेवला. लाल ठसा उमटला, तो तिच्या लक्षात आला नाही.

"गरम आहे," ती म्हणाली.

"चूल पेटलीय ना," डॉर्कस म्हणाली.

"चूल तिकडं आहे. ही बाहेरच्या अंगाची भिंत आहे."

"मातीची असते तशी," रूबेन म्हणाला. "हिवाळ्यात गार पडत नाही, उन्हाळ्यात तापत नाही. तू बस, जेवण निवतंय."

ती तशीच उभी. "आमच्याकडं अशीच असते," ती हळूहळू म्हणाली. "माझ्या खोलीत, खाटेशी. लहान असताना मी पाठ लावून झोपायची. बाबांना विचारलं होतं, भिंत गरम का लागते. ते म्हणाले, विटेचा गुण."

कुणी हसलं नाही. मग तीच हसली. मी तिला लहानपणापासून ओळखतो, पण ती हसताना कशी दिसते ते मला त्या दिवशी कळलं. हसता हसता ती खुर्चीत बसली, डॉर्कसनं ताट पुढं केलं, तिनं सगळं खाल्लं, आणखी एक गोळा मागून घेतला. ताट पुसून झाल्यावर रूबेनला विचारलं,

"मातीत पेंढा किती घालता तुम्ही?"

"तुला कशाला? बंगल्यात पेंढा लागत नाही."

"किती घालता, ते विचारलं."

"मातीनं पायाला चिकटायचं थांबावं, एवढा."

शुक्रवारी पूली किल्ली घेऊन आले तेव्हा थर्झा आपल्या अंगणातल्या खड्ड्यात उभी होती. पायात जोसायाचे जुने बूट, झगा गुडघ्याशी बांधलेला, आणि ती माती तुडवत होती. समोरून रूबेन तुडवत होता. दोघं एकमेकांचे हात धरून, कारण नाहीतर घसरायला होतं. पूलींनी किल्ली खिशातून काढलीच नाही. त्यांनी कोट काढला, पेंढ्याची एक पेंढी उचलून दिली आणि निघून गेले. गॅरड बाई चिखलात, हे बघायला गाव लोटलं होतं. ज्यांच्या बापांना जोसायानं "पेंढा" म्हणून हिणवलं होतं तेही आले. थर्झानं त्यांना बघत उभं राहू दिलं नाही, बादल्या दिल्या.

उन्हाळा संपेपर्यंत पुढची बाजू भरून झाली. जिथं जुना नक्षीचा गिलावा होता तो तसाच ठेवला. एका चौकोनातली नक्षी गळून गेली होती, तिथं रूबेननं ओल्या चुन्यात तसाच पक्षी काढायचा प्रयत्न केला. तो पक्षी बदकासारखाही नाही आणि कोंबडीसारखाही नाही. चोच पाठीतून निघाल्यासारखी दिसते. मी म्हणालो, "मिस गॅरड, इप्सविचला एक नक्षीवाला आहे, त्याला बोलावू. हे खरवडून तो नीट काढून देईल."

थर्झा मागं सरकून, मान तिरकी करून त्या पक्ष्याकडं बघत राहिली.

"राहू दे," ती म्हणाली. "हा कुणी केला ते मला ठाऊक आहे."